सुट्या भागांची गाडी आणि एकसंध कायदा

एप्रिल २०२२ मध्ये पंजाब पोलिसांच्या वाहतूक विभागाने राज्यातील ‘पीटर रेहडा’ या वाहनांवर कारवाई करण्याचा आदेश काढला. जुन्या मोटारसायकलीचा पुढचा भाग आणि मालवाहू हातगाडीचा मागचा भाग एकत्र सांधून ही वाहने तयार होतात. भाजीपाला, चारा, विटा, सिमेंटच्या गोण्या आणि प्रसंगी माणसेही त्यांवरून जातात. आदेशाची शाई वाळण्यापूर्वीच हजारो कुटुंबांच्या पोटावर पाय येत असल्याची ओरड झाली आणि नुकतेच सत्तेवर आलेले मुख्यमंत्री भगवंत मान यांना तो आदेश मागे घ्यावा लागला. रेहडे पुन्हा रस्त्यावर आले. त्यांचे ब्रेक मात्र आदेशापूर्वी जसे होते तसेच आदेशानंतरही राहिले.

या छोट्या प्रसंगात एका मोठ्या प्रश्नाचे सार आले आहे. निरनिराळ्या ठिकाणांहून मिळवलेल्या भागांतून कोणी इंजिन वा वाहन उभे केले, की आपल्या राज्यसंस्थेला दोनच गोष्टी सुचतात: बंदी घालणे किंवा डोळेझाक करणे. ते वाहन तपासून पाहावे, त्यातील धोका काढून टाकावा आणि उरलेल्या उपयुक्ततेला मान्यता द्यावी, हा तिसरा मार्ग तिला क्वचितच सापडतो. बंदी पाळली जात नाही आणि डोळेझाकीची किंमत अपघातात सापडलेला मोजतो, हे माहीत असूनही.

ही वाहने मुळात आली कोठून, हे आधी पाहायला हवे. उत्तर भारतात विहिरीवरच्या पंपासाठी एकेकाळी मंदगती डिझेल इंजिने घरोघर होती. त्यांतील पुष्कळशी ‘लिस्टर’ या इंग्लिश कंपनीच्या १९३० च्या सुमारास आलेल्या आराखड्यावर बेतलेली. राजकोटच्या कारखान्यांनी या आराखड्याच्या नकला वर्षानुवर्षे तयार केल्या. एक सिलिंडर, दोन अवजड फ्लायव्हील, मिनिटाला साधारण ६५० फेरे आणि सुमारे ६ अश्वशक्ती असे हे यंत्र. गावच्या लोहाराला ते उघडता येते, जोडता येते आणि बिघडले तर त्याच दिवशी पुन्हा चालू करता येते. विजेचा पंप आला तेव्हा हे इंजिन रिकामे झाले. मग कोणीतरी ते लाकडी चौकटीवर बसवले, भंगारातल्या जीपचा गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि मागचा अ‍ॅक्सल आणला, पट्ट्याने इंजिन गिअरबॉक्सला जोडले आणि ‘जुगाड’ रस्त्यावर धावू लागले. पंजाबात त्याला ‘मारुता’ म्हणू लागले. मारुती मोटारीच्या नावावरचा हा ग्रामीण विनोदच म्हणायचा.

जुगाड हा केवळ उत्तरेचा प्रकार नाही. सौराष्ट्रातला ‘छकडो’ मोटारसायकलीच्या तोंडाला डिझेल इंजिन जोडून जन्मला आणि पुढे त्याचे कारखान्यात नियमबद्ध उत्पादन होऊ लागले. तमिळनाडूत मासळी वाहणारी ‘मीन बॉडी वंडी’ टाकून दिलेल्या मोटारसायकलींच्या इंजिनांवर चालत आली. खुद्द राजधानीत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना प्रवासी बसतील अशी मागची बाजू जोडून मिस्त्रींनी ‘फटफटी’ घडवली. मूळ इंजिने थकली तेव्हा त्यांच्या जागी डिझेल इंजिने आली. कॅनॉट प्लेस ते जुनी दिल्ली या भागात तिने कित्येक दशके प्रवासी वाहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणविरोधी न्यायालयीन आदेशांच्या लाटेत ती नाहीशी झाली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक विसंगती सतत जाणवते. आपण ‘मिश्र भागांचे वाहन’ म्हणून ज्याला नाके मुरडतो, त्याच्याच एका सुसंस्कृत भावंडातून भारत सरकार अर्धशतक फिरले. ‘अ‍ॅम्बॅसडर’ ही १९५७ पासून उत्तरपाड्याला तयार होणारी मोटार ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिच्यात इसुझू या जपानी कंपनीच्या तंत्रज्ञानाचे १८०० सीसी इंजिन आणि पाच गतींचा गिअरबॉक्स बसला. ब्रिटिश देह आणि जपानी हृदय असलेल्या या गाडीच्या मागच्या आसनावर बसून माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी जुगाडविरोधी परिपत्रकांवर सह्या केल्या. त्याच कंपनीची ‘कॉन्टेसा’ ही मोटारही ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या साच्यातली आणि पुढे इसुझूच्या इंजिनाची. भाग एकाच घराण्यातले असावेत असा काही निसर्गनियम नाही. हे भाग एकमेकांना मानवतात की नाही हे कोणीतरी जबाबदारीने तपासले आहे का, आणि चूक झाली तर पकडायला कोणाची मान आहे, एवढेच पाहायचे असते. उत्तरपाड्याच्या कारखान्यापाशी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती. मेरठच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीपाशी ती नाहीत, आणि ती मिळवण्याची सोयही आपण त्याला दिलेली नाही.

जुळणीविषयीचा हा संशय आपल्या धोरणात जुना आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवले, की देशातच टप्प्याटप्प्याने भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही त्यांनी नुसती जुळणी थांबवावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी गाशा गुंडाळला. स्वदेशी उत्पादनाच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करता येते. पण ‘उत्पादक तो खरा आणि जुळारी तो दुय्यम’ ही दृष्टी तेव्हापासून नियमांच्या भाषेत मुरली.

आजचा कायदा पाहा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा अर्थ अधिकच काटेकोर केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. याच कलमात आणखी एक बारीक तरतूद आहे. किमान दहा परिवहन वाहने बाळगणाऱ्या मालकाला त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. दहा ट्रकवाल्यावर कायदा विश्वास ठेवू शकतो, एका टेम्पोवाल्यावर ठेवत नाही. यामागे प्रशासकीय सोय असेल, पण लहान माणसाने त्यातून काय समजायचे ते तो समजतो.

याचा अर्थ जुगाडाचे गोडवे गावेत असा मुळीच नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी ‘जुगाड’ हा शब्द गेल्या काही वर्षांत भारतीय प्रतिभेचे बिरुद करून टाकला. त्या पुस्तकांच्या लेखकांना जुगाडात बसून उतार उतरावा लागत नाही. जमिनीत घट्ट रोवून चालवायचे इंजिन हलत्या चौकटीवर बसवले की त्याची थरथर प्रत्येक सांध्यात उतरते, बोल्ट सैल होतात, वेल्डिंगला चिरा जातात. जीपचे ब्रेक जीपच्या वजनासाठी असतात. त्यांच्यावर वीस माणसे आणि उसाच्या मोळ्या लादल्या, तर पायाखालचे पेडल ही केवळ समजूत उरते. अनेक जुगाडांना पुढच्या चाकांचे ब्रेक नसतात आणि मागे दिवा नसतो. हिवाळ्याच्या धुक्यात मागून येणाऱ्या बसला ते दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पश्चिम उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात मी काम करत असताना ऊस गाळपाच्या हंगामात अशा अपघातांचे कागद माझ्यापुढे येत. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असे तीन रकाने होते. पहिल्या दोहोंत ‘नाही’ लिहिलेले असे. तिसऱ्यात एकदा शेतीपंपाचा क्रमांक होता. मृताची पत्नी भरपाईसाठी आली, की तिला सांगण्यासारखे प्रशासनाच्या हाती थोडेच असे. विमा नाही, नोंदणी नाही, आणि चालक स्वतः त्याच गावचा, तिच्याइतकाच फाटका. जप्त केलेले जुगाड पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडे, कारण ते सोडायलाही कागद लागत आणि विकायलाही. वाहन जप्त झाले म्हणून गावची वाहतूक थांबत नसे. पुढच्या आठवड्यात दुसरे जुगाड उभे राही.

मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की जुगाड हे कायद्याच्या व्याख्येनुसार मोटार वाहनच आहे. साहजिकच नोंदणी, विमा, परवाना या साऱ्या अटी त्याला लागू होतात. निर्णय निःसंशय योग्य होता. कोणतेही इंजिन रस्त्यावर आले, की रस्त्यावरच्या इतरांप्रति त्याचे कर्तव्य सुरू होते. परंतु त्यातून एक कोंडी जन्मली. नोंदणी सक्तीची झाली, आणि नोंदणी मिळण्याचा मार्ग तर नाहीच. नियमांप्रमाणे वाहनाच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. ही पद्धत एकाच साच्याची हजारो वाहने काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. आयुष्यात एकच वाहन बांधणाऱ्याने तिथे जायचे कसे आणि खर्च कोठून करायचा?

सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने भंगारातून बनवलेली, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले, की नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती अडवतीलच. तेव्हा तिच्या बदल्यात आपण त्याला नवी बोलेरो देऊ. जानेवारीत ती दिलीही. हा त्यांचा दिलदारपणा. मात्र त्या कौशल्याला आपल्या व्यवस्थेत बक्षीस मिळू शकते आणि परवाना मिळू शकत नाही, हेही त्या प्रसंगाने दाखवले.

कोणी म्हणेल, पंपाच्या इंजिनांचा काळ सरला, आता या चर्चेचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे, कारण हाच प्रश्न विजेच्या मोटरीच्या रूपाने पुन्हा दारात आला आहे. जुन्या पेट्रोल वा डिझेल इंजिनाला बॅटरी आणि मोटर जोडून त्याचे संकरित, म्हणजे ‘हायब्रिड’ वाहन करणे हा मिश्र भागांच्या जुळणीचा आजचा अवतार. २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेवोलो’ हा असाच संच जाहीर केला. चालू मोटारीवर बसवायचा, इंजिनाला विजेची मदत द्यायची आणि इंधन वाचवायचे, अशी ती कल्पना. ती भंगार बाजारातली नव्हती. तिच्यामागे अभियंते, चाचण्या आणि पेटंट होती. तरीही मोटारींसाठी अशा संचांना मान्यता देणारे केंद्रीय नियम अधिसूचित व्हायला २०१६ उजाडले. एका प्रतिष्ठित कंपनीला सहा वर्षे थांबावे लागले, तर गल्लीतल्या गॅरेजने कोणाकडे पाहावे? गंमत अशी, की डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी लोकसभाध्यक्षांकडे खासदारांसाठी ज्या विजेच्या बसच्या किल्ल्या सोपवल्या, तीही विजेवर चालण्यासाठी रूपांतरित केलेलीच बस होती. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्ली सरकारने दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मान्यताप्राप्त संच बसवून विजेवर चालण्याची वाट मोकळी केली. म्हणजे तत्त्व मान्य झाले आहे. ते सामान्य मिस्त्री आणि सामान्य मालक यांच्यापर्यंत पोहोचवणे बाकी आहे.

आपल्याला हे जमतच नाही असेही नाही. दोन उदाहरणे घरचीच आहेत. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. त्यानंतर पेट्रोल इंजिनाला गॅसचा संच जोडणे हे मिश्र भागांचेच काम देशभर रुळले. संचाला मान्यता, बसवणाऱ्याला अधिकृतता, सिलिंडरची ठरावीक काळाने तपासणी आणि नोंदणीपत्रावर इंधनबदलाची नोंद, अशी साखळी उभी राहिली. दुसरे उदाहरण ई-रिक्षाचे. चीनहून आलेले भाग दिल्लीच्या गल्ल्यांत जोडून ही वाहने बेकायदाच फोफावली. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने नियम केले आणि २०१५ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मोटरीची शक्ती २,००० वॉटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटर, चार प्रवासी आणि ४० किलो सामान, अशा मर्यादा घातल्या गेल्या. छोट्या जुळाऱ्यांच्या नोंदणीकृत संघटनांना एकत्रितपणे नमुन्याची मान्यता घेण्याची वाटही ठेवली. आजही अनेक ई-रिक्षा नियम धाब्यावर बसवतात हे खरे आहे. तरीही निदान नियम कोणता मोडला हे आता सांगता येते आणि विम्याचा दावा दाखल करता येतो. जुगाडाच्या नशिबी हेही आले नाही, कारण राजधानीच्या मतदारसंघांत त्याचा आवाज नव्हता.

परदेशातले उदाहरण ब्रिटनचे घेता येईल. तेथे हौसेने वा गरजेने वाहन बांधणाऱ्यासाठी एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. मिश्र भागांच्या वाहनाची मूळ ओळख टिकते का हे ठरवण्यासाठी तेथे दीर्घकाळ एक गुणपद्धती वापरली गेली. मूळ चासीला पाच गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला फक्त एक. आठ गुण जमले तर जुना क्रमांक राहतो. आपण इंजिनाला वाहनाचा आत्मा मानतो. त्या पद्धतीने त्याला सर्वांत कमी वजन दिले. वाहन सुरक्षित राहते ते चौकट, ब्रेक आणि सुकाणू यांच्या बळावर, हा त्यामागचा व्यवहारी विचार असावा.

आपल्याकडे हे कसे करता येईल? माझ्या मते पाच गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, ‘स्थानिक बांधणीचे मंदगती वाहन’ असा स्वतंत्र वर्ग कायद्यात करावा. वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, भाराची मर्यादा निश्चित आणि राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर मज्जाव. दुसरी, त्याची तपासणी जिल्ह्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये व्हावी. चारही चाकांचे ब्रेक, स्टिअरिंग, चौकटीचे सांधे, दिवे आणि परावर्तक एवढेच पाहावे, पण ते न चुकता दरवर्षी पाहावे. तिसरी, प्रत्येक मुख्य भागाच्या खरेदीची पावती नोंदणीकृत भंगार केंद्राची असावी. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी इतका कुख्यात झाला, की डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. भागाची जन्मकथा न विचारणारी व्यवस्था चोराच्या पथ्यावर पडते. चौथी, अशा वाहनांसाठी अल्प हप्त्याचा तृतीय पक्ष विमा सामायिक निधीतून सक्तीने द्यावा, म्हणजे पंचनाम्याचे रिकामे रकाने भरतील. पाचवी, विद्युत वा संकरित संचांना एकेका मॉडेलसाठी नव्हे, तर वजन आणि शक्ती यांच्या गटांनुसार मान्यता द्यावी आणि ते बसवणाऱ्या मिस्त्रींना प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र द्यावे.

आक्षेप दिसतात. तपासणी म्हणजे लाचेची आणखी एक खिडकी, असे म्हटले जाईल. ती शक्यता आहे. पण आज प्रत्येक नाक्यावर दिली जाणारी चिरीमिरी ही विनातपासणीची लाचच आहे. जुन्या डिझेल इंजिनांच्या धुराचा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यावर उपाय असा, की नव्या वर्गात पंपाच्या इंजिनांना ठरावीक मुदत द्यावी आणि त्या मुदतीत मोटर व बॅटरीकडे वळणाऱ्याला अर्थसाहाय्य द्यावे. मोठ्या मोटारींच्या खरेदीला सवलती देणाऱ्या देशाला हे जड जाऊ नये.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतरची इंजिने संगणकाच्या आज्ञेवर चालतात. त्यांत एका बनावटीचा भाग दुसऱ्यात सहज बसत नाही, आणि बसवला तरी यंत्र ओळख नाकारते. म्हणजे नजरेने, कानाने आणि हाताच्या अंदाजाने इंजिन जुळवणारी मिस्त्रींची पिढी तशीही मावळतीला लागली आहे. त्या पिढीचे ज्ञान प्रमाणपत्राच्या रूपाने पुढच्या तंत्रात न्यायचे, की गुन्ह्याच्या नोंदीत संपवायचे, हे येत्या काही वर्षांत ठरेल. पंजाबातल्या त्या आदेशाची फाईल आज कपाटात असेल. ती पुन्हा उघडली जाईल तेव्हा तिच्यात बंदीच्या कागदासोबत ब्रेक तपासणीचा एक नमुनाही असावा, एवढीच अपेक्षा आहे.